इंग्रजी वाक्प्रचारांतले प्राणी: अर्थ, उगम आणि थापा

रत्नागिरीत थिबा राजवाडा पाहायला शाळांच्या सहली येतात. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये मंडालेच्या गादीवरून उतरवलं, 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये तो या वाड्यात राहायला गेला आणि 1916 च्या डिसेंबरात इथेच वारला, एवढं मुलांना सांगितलं जातं. मुलं वहीत सनावळ्या उतरवून घेतात आणि समुद्राकडच्या बाजूला फोटो काढायला पळतात. सहलीबरोबर इंग्रजीचे शिक्षक असतील तर त्यांनी मुलांना पाच मिनिटं थांबवून घ्यावं. दहावी-बारावीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या प्रत्येक गाइडात छापलेला एक वाक्प्रचार या राजाच्या थेट नात्यातला आहे. तो म्हणजे 'व्हाइट एलिफंट', आपल्या वर्तमानपत्रांतला 'पांढरा हत्ती'.

अर्थ सगळ्यांना पाठ असतो: सांभाळायला महाग आणि उपयोगाला शून्य. बंद पडलेला प्रकल्प, कोणी न वापरलेलं सभागृह, भाडं न देणारी इमारत. उगमही गाइडात असतो. सयामचा राजा ज्या दरबाऱ्यावर रुष्ट होई त्याला पांढरा हत्ती भेट देई. पवित्र जनावर, त्याला कामाला जुंपता येत नाही, विकता येत नाही, आणि पोसता पोसता दरबारी भिकेला लागतो. गोष्ट झकास आहे. पण सयामच्या आणि ब्रह्मदेशाच्या राजांनी खरोखर काय केलं ते पाहिलं की ती डळमळते. त्या देशांत पांढरा हत्ती हे राज्याचं भाग्य समजलं जाई. तो सापडला की राजाकडे आणायचा आणि राजाने त्याला स्वतःजवळ ठेवायचा. तो जवळ असणं हीच राजाची पदवी होती. अठराव्या शतकात ब्रह्मदेशात राज्य केलेल्या सिनब्यूशिन राजाच्या नावाचा अर्थच 'पांढऱ्या हत्तीचा धनी' असा आहे. अशी वस्तू कोणी राजा नावडत्या माणसाच्या दारात कशाला बांधील? जाणकार ही भेटीची गोष्ट युरोपीय लोकांनी रचलेली मानतात.

मग वाक्प्रचाराला लोकांच्या तोंडी एवढं बळ कशाने आलं असेल? त्याचा एक धागा आपल्या थिबापाशी येतो. अमेरिकेतला सर्कसवाला पी. टी. बार्नम याने थिबा राजाकडून मिळवलेला म्हणून एक पवित्र पांढरा हत्ती 1884 मध्ये लंडनमार्गे न्यूयॉर्कला नेला. जाहिरातींनी भिंती रंगवल्या. लोक तिकीट काढून आले आणि बघतात तो करडा हत्ती, अंगावर इथेतिथे गुलाबी डाग! खरे पांढरे हत्ती असेच असतात. चुन्यासारखा पांढरा हत्ती जगात नाही. पण प्रेक्षकांना ते कोण सांगणार? महागडी आणि फसवी वस्तू म्हणून पांढऱ्या हत्तीचं नाव इंग्रजीत आधीपासून होतंच, बार्नमने ते घरोघर पोचवलं असं म्हणायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी थिबाचं राज्य गेलं.

मराठीला हा वाक्प्रचार उसना घ्यायची फारशी गरज नव्हती. दारी हत्ती झुलणे म्हणजे ऐश्वर्य, आणि ऐश्वर्य गेल्यावर तोच हत्ती पोसणे म्हणजे कर्जाची वाट, हे आपल्याकडे सरदारांच्या वाड्यांत लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी 'पांढरा' हा शब्द लावला की अग्रलेखाला वजन येतं, म्हणून तो टिकला असावा.

इथून एक पद्धत हाती लागते. प्राण्याचा वाक्प्रचार समोर आला की तीन गोष्टी विचाराव्यात. हे बोलणारा माणूस कोण होता: शेतकरी, खलाशी, शिकारी, का दरबारी? तो प्राणी खरंच तसं वागतो का? आणि तो वाक्प्रचार छापून आलेला पहिल्यांदा कधी सापडतो? तिसरा प्रश्न सगळ्यांत रुक्ष वाटतो, पण थापा त्यानेच पकडल्या जातात. फोनवर फिरणाऱ्या 'रंजक माहिती'त सन जवळजवळ कधीच नसतो, हेही ध्यानात ठेवा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तम उदाहरण चिपळूणला मिळतं. वाशिष्ठीत मगरी आहेत आणि पावसाळ्यात त्या गावात शिरतात. 2024 च्या पावसात चिपळूणच्या रस्त्यावरून चाललेली मगर देशभरच्या फोनवर पोचली. इंग्रजीतले 'क्रोकोडाइल टिअर्स' म्हणजे खोटे अश्रू. मध्ययुगात युरोपातल्या लोकांची समजूत होती की मगर माणसाला खाताना रडते. चौदाव्या शतकातल्या, मँडेव्हिलच्या नावावर चालणाऱ्या प्रवासवर्णनात ती आहे, शेक्सपिअरनेही ती वापरली. मगर कधी न पाहिलेल्या लोकांनी मगरीविषयी लिहिलेलं वाचून पुढच्या लोकांनी लिहायचं, असा तो सगळा व्यवहार. गंमत अशी की समजूत अगदीच निराधार निघाली नाही. मगरींच्या भाऊबंदांपैकी सात प्राण्यांना फ्लोरिडात कोरड्या जागी खाताना पाहिलं, तेव्हा पाचांच्या डोळ्यांत पाणी आणि फेस दिसला. हे निरीक्षण 2007 मध्ये प्रसिद्ध झालं. दुःखाचा त्यात संबंध नाही. जबड्याच्या हालचालीने आणि फुसकारण्याने डोळ्यांतलं पाणी बाहेर ढकललं जात असावं, असा अंदाज आहे.

आता मराठीकडे वळू. 'नक्राश्रू' हा शब्द अस्सल संस्कृत पंडिताच्या थाटात वावरतो, पण तो इंग्रजीवरून केलेला आहे. नदीकाठच्या मराठी माणसाने मगरीवर स्वतःच्या हिमतीवर काढलेली म्हण वेगळीच आहे: 'सुसरबाई तुझी पाठ मऊ'. पाठ खडबडीत आहे हे सांगणाऱ्यालाही माहीत आहे आणि ऐकणाऱ्यालाही. पण आपण तिच्या पाठीवर बसलो आहोत, नदी अर्धी पार झाली आहे, तेव्हा मऊच म्हणायचं! इंग्रजी वाक्प्रचार मगरीच्या ढोंगाविषयी आहे, मराठी म्हण माणसाच्या लाचारीविषयी. परीक्षेत एकाचं भाषांतर म्हणून दुसरी लिहिली तर गुण जातील, आणि जावेतच. प्राणी तोच दिसला म्हणून अर्थ तोच धरायचा नाही, हा या साऱ्या अभ्यासातला सर्वांत कामाचा नियम आहे. उलटही होतं. हिंदीत पाण्यात राहून वैर धरायचं नसतं ते मगरीशी, आणि मराठीत तेच वैर माशाशी. प्राणी बदलला, अर्थ जागेवर. आपल्या म्हणीत भीती कमी आणि शेजारधर्म जास्त आहे, असं मला नेहमी वाटतं.

खलाशांकडून आलेले वाक्प्रचार किनाऱ्यावरच्या वाचकाला लवकर कळायला हवेत. 'टर्न टर्टल' म्हणजे बोट पालथी होणे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला कासवं पाहायला गेला असाल तर याचा उगम सांगायलाच नको. तिथे 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं. वाळूवर आलेलं समुद्री कासव उलथं केलं की ते हतबल होतं, वल्ह्यांसारखे पाय हवेत मारत राहतं. जुन्या काळचे खलाशी ताज्या मांसासाठी नेमकं हेच करत. रात्री किनाऱ्यावर चढलेली कासवं एकामागून एक उलथी पाडायची आणि सकाळी सावकाश उचलून न्यायची. पोट वर झालेली बोट त्यांना तशी दिसली. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं मात्र मुंबई-गोवा महामार्गावर कलंडलेल्या ट्रकालाही सर्रास 'टर्न्ड टर्टल' लिहितात. चूक नाही, पण इंग्लंडातला वाचक तिथे थबकेल. बातमी लिहिताना 'ओव्हरटर्न्ड' पुरतो.

'रेड हेरिंग'साठी मिरकरवाडा बंदराच्या आसपास सुकी मासळी मांडलेली असते तिथून एकदा चालत जा. मुद्दा नाकाला आधी कळेल. हेरिंग हा थंड समुद्रातला मासा. तो खारवून धुरावर धरला की तांबूस होतो आणि त्याला उग्र वास येतो. मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवण्यासाठी मध्येच आणलेली भलती गोष्ट, असा वाक्प्रचाराचा अर्थ. रहस्यकथेत ज्याच्यावर संशय जावा म्हणून लेखकाने पेरलेला निरपराध माणूसही 'रेड हेरिंग'च. गाइडं सांगतात की शिकारी कुत्र्यांना हुकवायला पळालेले कैदी असा मासा वाटेवर ओढत नेत. इथे सन मदतीला येतो. इंग्लंडातला फटकळ पत्रकार विल्यम कॉबेट याने 1807 मध्ये आपल्या साप्ताहिकात एक आठवण सांगितली: लहानपणी सशामागे लागलेली कुत्री आपण असा मासा ओढून भलतीकडे नेली होती. त्याला झोडपायची होती वर्तमानपत्रं. नेपोलियन हरल्याची खोटी बातमी घेऊन ती नाचली होती आणि देशातले प्रश्न तेवढ्यात मागे पडले होते. सशाची आठवण खरी की रचलेली हे बाजूला ठेवा. आज आपण ज्या अर्थाने हे शब्द वापरतो तो अर्थ रूढ झाला त्या लेखणीमुळे. कैद्यांची गोष्ट मागाहून चिकटवलेली. मराठीत याला माशाची गरज पडत नाही, 'मुद्द्याला बगल देणे' एवढ्यात काम होतं. ग्रामसभेत रस्त्याचा हिशेब विचारल्यावर देवळाच्या कळसाची चर्चा कशी सुरू होते, हे ज्याने पाहिलंय त्याला 'रेड हेरिंग' पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

शेतकऱ्याच्या वाक्प्रचारांत दातांना फार मान. 'डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ', म्हणजे भेट मिळालेल्या घोड्याचं तोंड उघडून पाहू नये. जॉन हेवुडच्या 1546 च्या इंग्रजी म्हणींच्या संग्रहात ती आहे. त्याच्याही हजारभर वर्षं आधी संत जेरोमने लॅटिनमध्ये लिहिताना हिला लोकांतली जुनी म्हण म्हटलं आहे. आपली 'धर्माची गाय आणि दात का नाय' तिची सख्खी बहीण. इथे अर्थ तंतोतंत जुळतो, कारण व्यवहार जुळतो. जनावराचं वय दातांवरून ठरतं आणि किंमत वयावरून. घाटावरच्या बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाच्या नाकाला हात घालून ओठ वर करतं. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तिथे नुसती कठीण हिरडी असते. खाली आठ दात. दुधाचेच दात असतील तो आदत. दोन-अडीच वर्षांला मधली पहिली जोडी पडून कायमचे रुंद दात आले की दुसा, पुढची जोडी आली की चौसा, आणि साडेचार-पाच वर्षांपर्यंत आठही आले की जुळीक. त्यापुढे दात किती झिजले यावरून अंदाज बांधायचा, आणि तिथेच व्यापारी थापा मारतो. हे एवढं कळलेला मुलगा 'धर्माची गाय' ही म्हण कधी चुकीच्या जागी वापरणार नाही. घरात कोणी गुरं पाळलेलं माणूस असेल तर मुलांना त्यांच्याकडे पाठवा, गाइडाकडे नंतर.

दातांवरून आठवलं. 'स्ट्रेट फ्रॉम द हॉर्सेस माउथ' म्हणजे खात्रीलायक ठिकाणाहून मिळालेली बातमी. याचाही उगम घोड्याच्या दातांत आहे असं बरेच जण ठोकून देतात, पण हा वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि घोड्यांच्या शर्यतीतला आहे. कोणता घोडा जिंकणार याची टीप जॉकीकडून, तबेल्यातल्या पोऱ्याकडून, किंवा त्याहून खात्रीची हवी तर खुद्द घोड्याच्या तोंडून! तो विनोद आहे. वाक्प्रचारांचा उगम शोधताना विनोदाची शक्यता विसरली की माणूस विनाकारण विद्वान होतो.

'लेट द कॅट आउट ऑफ द बॅग', म्हणजे गुपित फोडणे. बाजारात डुकराच्या पिल्लाऐवजी पोत्यात मांजर घालून विकत, पोतं उघडलं की बिंग फुटे, ही एक गोष्ट. जहाजावर फटक्यांसाठी वापरायचा नऊ पदरांचा कोरडा 'कॅट' म्हणून ओळखला जाई आणि तो पिशवीत ठेवत, ही दुसरी. दुसरी सरळ बाद करा. चाबूक बाहेर काढण्यात कसलं आलंय गुपित? पहिलीच्या बाजूने एवढं आहे की फ्रेंच आणि जर्मन भाषांतही न पाहता केलेल्या खरेदीला 'पोत्यातलं मांजर घेणे' म्हणतात. छापील पुरावा 1760 च्या एका लंडनच्या मासिकापासून मिळतो. पण ज्याने मांजर एकदा तरी पोत्यात घातलंय, मासळीबाजारापासून लांब नेऊन सोडायला का होईना, त्याला विचारा की ते डुकराचं पिल्लू म्हणून खपेल का. तेव्हा 'बहुधा' हा शब्द लावून पुढे जावं.

सर्वांत जास्त थापा ज्याच्याविषयी मारल्या जातात तो वाक्प्रचार रत्नागिरीच्या मुलांच्या निबंधात दर जूनमध्ये उगवतो: 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्स'. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या गावाला पावसासाठी लंडनची कुत्री-मांजरं आणावी लागतात, हे थोडं दुर्दैवच. याच्या उगमाची फिरती गोष्ट अशी: जुन्या इंग्लंडात गवती छपरात कुत्री-मांजरं झोपत आणि पाऊस आला की घसरून खाली पडत. ही गोष्ट 1999 च्या सुमारास एका ई-मेलमधून जगभर पसरली. गवताने शाकारलेलं घर ज्याने पाहिलंय तो हसेल. छप्पर नीट शाकारलेलं असेल तर पाणी आत शिरत नाही, तिथे कुत्रं कुठून शिरणार? आणि पावसात कुत्रं छपरावर चढत नाही, ओसरीवर येतं. खरी नोंद एवढी की जोनाथन स्विफ्टने 1710 च्या एका कवितेत लंडनच्या पावसाने गटारांतून वाहून आणलेली मेलेली मांजरं आणि बुडालेली पिल्लं दाखवली. पुढे त्याच्याच 1738 च्या पुस्तकात हा वाक्प्रचार आजच्या रूपात येतो. त्याच्याआधीही पावसाला कुत्र्यांशी जोडणारी वाक्यं इंग्रजीत आहेत. पण लोक मुळात असं का म्हणू लागले, ते कोणालाही ठाऊक नाही. उत्तरपत्रिकेत 'उगम अनिश्चित' असं लिहायला मुलांना शिकवा. शिवाय इंग्लंडातली माणसं आता हा वाक्प्रचार क्वचितच बोलतात. 'इट्स पोअरिंग' म्हणतात. निबंधात तोच चांगला दिसतो.

काही प्राणी दोन्ही भाषांत पाहुणे म्हणून आले. 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' ही अस्सल मराठी म्हण आणि इंग्रजीतलं 'सावर ग्रेप्स' तिचं भाषांतर, असं शिकवणारे भेटतात. दोन्ही इसापाच्या ग्रीक गोष्टीतून आली. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्र्यांची इसापनीती 1828 मध्ये छापली गेली आणि शाळाशाळांतून ती मुलांच्या जिभेवर बसली. कोकणात कोल्हे आहेत, द्राक्षांचे मळे नाहीत, तरी म्हण चालते. अनोळखी फळ असलेली म्हण दिसली की ती बाहेरची असावी असा संशय घ्यावा, तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

एका प्राण्याविषयी मात्र सावध करायलाच हवं. 'क्रॅब मेंटॅलिटी', आपली खेकडावृत्ती. टोपलीला झाकण नको, एक वर चढला की दुसरा खाली ओढतो, आणि हे खेकडे मराठी, असा तो किस्सा. व्यासपीठावरून तो सांगितला की हमखास टाळ्या मिळतात. इंग्रजीतला शब्द मुख्यतः फिलिपिन्समधून आला आणि तिथले लोक हा दोष खास फिलिपिनो समजतात. इतरही अनेक समाज तो आपापल्या नावावर लावून घेतात. बिचारी कुर्ली कोणाला ओढत नसते. पायाखाली जे येईल ते धरून ती वर चढू पाहते. आणि कुर्ल्या विकणारी कोळीण टोपली उघडी ठेवते तेव्हा तिने त्यांचे डेंगे आधीच बांधलेले असतात. वाक्प्रचार वापरा, पण एखाद्या समाजाच्या स्वभावाचा पुरावा म्हणून नको.

साधनांविषयी थोडं. मराठीसाठी दाते-कर्वे यांचा दोन भागांतला महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश पहिल्यांदा उघडावा. मोल्सवर्थचा कोश, त्यातही 1857 ची दुसरी आवृत्ती, एकोणिसाव्या शतकातला माणूस काय बोलत होता ते सांगते. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट पाहता येतो. मॅनवेअरिंगचा 1899 चा मराठी म्हणींचा इंग्रजी संग्रह दोन भाषा शेजारी ठेवून पाहायला बरा. इंग्रजीसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश, कारण तो प्रत्येक अर्थाची सर्वांत जुनी सापडलेली नोंद सनासकट देतो. ब्रूअरचा 1870 पासून छापला जाणारा कोश वाचायला फार मौजेचा, पण त्यातल्या गोष्टी दुसरीकडे पडताळल्याशिवाय वर्गात सांगू नयेत.

मुलांकडून हे काम करून घेणार असाल तर एका महिन्यात पाचापेक्षा जास्त वाक्प्रचार देऊ नका. प्रत्येकासमोर चार रकाने आखायला सांगा: अर्थ, बोलणारा कोण, पहिली छापील नोंद, आणि मराठीतलं जवळचं बोलणं. तिसरा रकाना कोरा राहिला तर राहू द्या, तो भरायला फोनवरची गोष्ट चिकटवू देऊ नका. चौथ्या रकान्यासाठी मुलांना घरी आजी-आजोबांना विचारायला लावा. आणि रत्नागिरीत राहत असाल तर मुलांना एकदा जिल्हा नगर वाचनालयात घेऊन जा. ते 1828 पासून सुरू आहे.